दिंडी का पळाली? : चलचित्राच्या चौकटींचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा घरोघर एकाच गोष्टीची चर्चा चालू होती. १९७८ साली आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीला, शाळेतील तेव्हाच्या गुरुजींकडे मुंबईहून एक पाहुणे आले होते. त्यांनी आपल्या हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने दिंडीचे आणि काल्याचे चित्रण केले व रीळ गुरुजींना भेट म्हणून पाठवून दिले. ते इतकी वर्षे ट्रंकेत पडून होते. गुरुजींच्या चिरंजीवांनी ते शहरातील एका दुकानात देऊन त्याची संगणकावर चालणारी प्रत करून घेतली आणि पाहता पाहता ती गावातल्या प्रत्येक मोबाइलवर जाऊन पोहोचली.

या दिंडीत गळ्यात वीणा घेऊन चालणारे गृहस्थ म्हणजे माझे आजोबा. माझ्या जन्माआधीच ते वारले. घरात त्यांचा एकच फोटो आहे, तोही समोर ताठ बसून काढलेला. आजोबा चालतात कसे, वळतात कसे, हे मला प्रथमच दिसणार होते. आम्ही सारे ओट्यावर जमलो, मोबाइल आजीच्या पुढ्यात धरला आणि चित्र सुरू झाले. दिंडी अक्षरशः पळत होती. टाळकरी टुणटुण उड्या मारीत होते, पताका फडफडत होत्या आणि आजोबा घाईघाईने, बाहुलीसारखी मान हलवीत पुढे सरकत होते. मुले खदखदून हसली. मोठ्यांनाही हसू आवरले नाही.

आजीने मान फिरवली. म्हणाली, "ह्ये कुठं आसं पळत व्हते? यांचं पाऊल लई सावकाश. वीणा गळ्यात आसली म्हंजे तर इचारूच नगं."

आजीला चौकटी आणि सेकंद यांतले काही ठाऊक नाही. पण तिचे म्हणणे मोजमापाच्या कसोटीवर तंतोतंत खरे होते. ते पटवून घेण्यात आणि चूक सुधारण्यात माझे पुढचे तीन आठवडे गेले. मी कला शाखेची विद्यार्थिनी; संगणकाशी माझी ओळख महाविद्यालयात आल्यावरची. तेव्हा तज्ज्ञाचा आव न आणता, जे मला समजले ते माझ्यासारख्यांना समजेल अशा रीतीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

चलचित्र हलत नाही

पहिली गोष्ट ही की चलचित्रात काहीच हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे डोळ्यांसमोरून इतक्या झपाट्याने जातात की मेंदू त्यांची सांगड घालतो आणि आपल्याला हालचाल दिसते. यातील प्रत्येक स्थिर चित्राला आपण 'चौकट' म्हणू. एका सेकंदात किती चौकटी दाखवल्या जातात, तो त्या चित्राचा चौकट-वेग. चित्रण करताना सेकंदाला जितक्या चौकटी टिपल्या, दाखवताना तितक्याच दाखवल्या तर माणूस जसा चालला तसाच चालताना दिसतो. कमी टिपून जास्त दाखवल्या तर तो धावतो. जास्त टिपून कमी दाखवल्या तर पाण्यात चालल्यासारखा वाटतो. सारा घोळ आणि साऱ्या युक्त्या या एका वाक्यात आहेत.

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये पैसे घेऊन पहिला खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी त्यांची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्यांच्या यंत्राला हाताने फिरवण्याचा दांडा होता. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे धरले की १६ चौकटी. मूकपटाच्या काळात १६ हा आकडा साधारण मानला जाई. साधारण म्हणण्याचे कारण हे की दांडा फिरवणारा माणूसच होता. प्रसंगाप्रमाणे, थकव्याप्रमाणे वेग कमीअधिक होई. शिवाय चित्रपटगृहात दाखवणारा आणखी भरभर दाखवी, तो भाग निराळाच.

येथे आपल्या दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. त्यांचा कॅमेरा विल्यमसन कंपनीचा, हाताने फिरवायचा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे ३,७०० गुणिले १६ बरोबर ५९,२०० चौकटी. सुरतेला प्रेक्षक जमेनात, तेव्हा फाळक्यांनी ५७,००० छायाचित्रांचा खेळ अशी जाहिरात केली होती असे सांगतात. ती अतिशयोक्ती नव्हती, हे या गुणाकारावरून लक्षात येईल. आता वेळेचा हिशेब करू. सेकंदाला १६ चौकटी म्हणजे सेकंदाला बरोबर एक फूट. त्या वेगाने चित्रपट ३,७०० सेकंद, म्हणजे एक तास दीड मिनिटाहून थोडा अधिक चालतो. पण आज या चित्रपटाचा कालावधी बहुतेक ठिकाणी सुमारे ४० मिनिटे दिलेला आढळतो. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर उत्तर येते ४१ मिनिटे. म्हणजे हा ४० मिनिटांचा आकडा मूकपटाच्या वेगाशी जुळत नाही, बोलपटाच्या वेगाशी जुळतो. उपलब्ध रिळे आपण याच वेगाने पाहिली तर हरिश्चंद्र राजाही आमच्या दिंडीसारखा पळणार आणि जुने लोक नाटकी अंगविक्षेप करीत असत असा आपला गैरसमज होणार.

२४, २५ आणि ३०

२४ हा आकडा आला ध्वनीमुळे. डोळा थोडा चढउतार खपवून घेतो, कान घेत नाही. ध्वनी चित्राबरोबर बांधला गेला आणि वेग जरा हलला की गाणाऱ्याचा स्वरही हलू लागला. तेव्हा हाताचा दांडा जाऊन मोटार आली आणि १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेत सेकंदाला २४ चौकटी, म्हणजेच मिनिटाला ९० फूट, हे प्रमाण ठरले. १९३१ चा 'आलम आरा' आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हे आपल्याकडचे आरंभीचे बोलपट याच नव्या व्यवस्थेतले.

पुढे दूरचित्रवाणी आली. तिचा वेग ठरला विजेच्या प्रवाहावरून. ज्या देशांत विजेची आंदोलने सेकंदाला ५०, तेथे त्याच्या निम्म्या म्हणजे २५ चौकटी. अमेरिकेसारख्या ६० आंदोलनांच्या देशांत ३० चौकटी. भारतात वीज ५० ची, म्हणून दूरदर्शनचा वेग २५. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले ते याच वेगाने. घरोघर लग्नाच्या ज्या जुन्या व्हीएचएस कॅसेट आहेत त्याही २५ च्याच.

अमेरिकेच्या ३० ला १९५३ साली एक शेपूट चिकटले. कृष्णधवल संच निकामी न करता त्याच प्रक्षेपणात रंग बसवायचा होता. त्या खटपटीत वेग हजारात एक इतका कमी करावा लागला. तेव्हापासून तेथील खरा वेग आहे ३०,००० भागिले १,००१, म्हणजे सुमारे २९.९७. फरक क्षुल्लक वाटतो. पण तासाभराच्या कार्यक्रमात १०८ चौकटींचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा घोटाळा होतो. साडेतीन सेकंद उशिरा आलेले नटाचे वाक्य कोणता प्रेक्षक सहन करील?

मोबाइलने यात आणखी भर घातली. बहुतेक मोबाइल वरवर ३० चौकटी टिपतात, पण त्या समान अंतराने टिपतातच असे नाही. उजेड कमी झाला की चौकटींमधले अंतर वाढते. याला अस्थिर चौकट-वेग म्हणतात. स्नेहसंमेलनातील नाटकाचे मोबाइलवर केलेले चित्रण जोडणी करताना आवाजापासून हळूहळू सुटत जाते, त्याचे एक नेहमीचे कारण हेच.

दोन कामे, एक नाव

'चौकट-वेग बदलणे' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात. मला हे आधी कळले नाही, म्हणून माझा पहिला आठवडा वाया गेला.

पहिले काम म्हणजे *वेळ बदलणे*. चौकटी त्याच, तितक्याच; फक्त प्रत्येक चौकट पडद्यावर किती वेळ थांबेल ते बदलायचे. चित्राची एकूण लांबी बदलते, हालचालीचा वेग बदलतो. फाईलवरचा आकडा मुळातच चुकीचा असेल तेव्हा हे करावयाचे.

दुसरे काम म्हणजे *संख्या बदलणे*. एकूण लांबी तीच, हालचालीचा वेग तोच. पण त्या वेळात बसणाऱ्या चौकटी कमी किंवा जास्त करायच्या. कमी करायच्या तर काही गाळाव्या लागतात. वाढवायच्या तर काही पुन्हा दाखवाव्या लागतात किंवा नव्या बनवाव्या लागतात. चित्र बरोबर आहे, पण समोरच्या यंत्राला वेगळा आकडा हवा आहे, तेव्हा हे करावयाचे.

माळेची उपमा घेतली तर, पहिल्या कामात मणी तेच ठेवून दोरा लांब करायचा. दुसऱ्यात दोरा तेवढाच ठेवून मणी कमीजास्त करायचे. वेळ बदलायची तेथे संख्या बदलली तर मूळचा दोष तसाच राहून वर नवा दोष चढतो.

आज्ञा लिहून काम

ही कामे करणारे 'एफएफएमपेग' नावाचे एक साधन आहे. ते विनामूल्य आहे आणि त्याची घडण कोणालाही पाहता येते. फाब्रिस बेलार यांनी ते २००० साली सुरू केले. त्यातील 'एफएफ' म्हणजे 'फास्ट फॉरवर्ड'; आमची दिंडी सावकाश करण्यासाठी याच नावाचे साधन हाती यावे ही गंमतच. त्यात बटणे नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचे. सुरुवातीला भीती वाटते. पण या पद्धतीचा मोठा फायदा असा की आपण काय केले ते अक्षरांत शिल्लक राहते. ओळ वहीत उतरवून ठेवली की महिन्यानेही तेच काम जसेच्या तसे पुन्हा करता येते. चूक झाली असेल तर कोठे झाली ते दाखवता येते.

आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत द्यावयाच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत.

कोणतेही काम करण्यापूर्वी फाईल तपासावी. त्यासाठी 'एफएफप्रोब' हा एफएफएमपेगचाच जोडीदार आहे. 'एफएफप्रोब' आणि पुढे फाईलचे नाव एवढे लिहिले की लांबी, आकार आणि चौकट-वेग समोर येतो. त्याच्याकडून प्रत्येक चौकट मोजूनही घेता येते. वेग सविस्तर विचारला तर तो अपूर्णांकात मिळतो : २५/१ किंवा ३०,०००/१,००१ असा. आज्ञेतही तो असाच अपूर्णांकात लिहावा, दशांशात लिहू नये. २९.९७ हा गोळाबेरजेचा आकडा आहे, अपूर्णांक अचूक आहे.

आमच्या रिळाचा तपास

गुरुजींच्या चिरंजीवांकडून मी मूळ फाईल पेन ड्राइव्हवर आणली. कारण मोबाइलवरून फिरलेली प्रत वाटेत दाबली जाते. तिची लांबी निघाली २ मिनिटे २३ सेकंद, वेग २५, चौकटी ३,५७५. एकेक चौकट पुढे सरकवून पाहिली तेव्हा प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीहून वेगळी होती. एकही दोनदा आलेली नव्हती. म्हणजे दुकानाने रिळावरची प्रत्येक चौकट एकदाच टिपली होती आणि त्या सर्वांना सरसकट २५ चा आकडा लावला होता.

मग रिळाची डबी पाहिली. तिच्यावर 'सुपर ८' आणि '५० फूट' असे छापलेले होते. सुपर ८ ही घरगुती चित्रणाची पद्धत कोडॅकने १९६५ साली आणली. तिच्या एका फुटात ७२ चौकटी बसतात. ५० गुणिले ७२ बरोबर ३,६००. आमच्याकडे ३,५७५ होत्या. टोकाच्या पाव फुटाहून थोड्या अधिक फिल्मचा फरक सोडला तर हिशेब जुळला. आणि सुपर ८ च्या मुक्या कॅमेऱ्याचा नेहमीचा वेग सेकंदाला १८ चौकटींचा. २५ भागिले १८ म्हणजे जवळजवळ १.३९. दिंडी ३९ टक्के जास्त वेगाने पळत होती!

तरीही मनात शंका राहिली. कॅमेरा खरोखर १८ वरच होता कशावरून? येथे मला शाळेतले विज्ञान उपयोगी पडले. चित्रणाच्या शेवटी काल्याची दहीहंडी फुटते आणि खापराचा एक मोठा तुकडा सरळ खाली पडतो. तो सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत ११ ते १२ चौकटी जातात. देवळाच्या तुळईला हंडी बांधायची कडी आजही तीच आहे. मी टेप घेऊन मोजले : हंडीचा तळ येतो तेथून जमिनीपर्यंत साडेसहा फूट. इतक्या उंचीवरून सोडलेली वस्तू सुमारे ०.६४ सेकंदात खाली येते. हा पृथ्वीचा नियम. तो १९७८ साली निराळा नव्हता. ०.६४ सेकंदात २५ च्या वेगाने १६ चौकटी लागल्या असत्या. १८ च्या वेगाने साडेअकरा लागतात. खापराच्या तुकड्याने आजीच्या बाजूने साक्ष दिली.

चूक आणि दुरुस्ती

आता आज्ञा. मी पहिल्यांदा लिहिली ती अशी :

एफएफएमपेग -आय दिंडी.एमपी४ -आर १८ नवी.एमपी४

'-आय' म्हणजे पुढे येणारी फाईल ही आत घ्यायची. '-आर' म्हणजे चौकट-वेग. मोठ्या आशेने नवी फाईल उघडली, तर लांबी तीच २ मिनिटे २३ सेकंद, दिंडी तितकीच पळते आहे आणि शिवाय आता धक्के बसताहेत. कारण एफएफएमपेगमध्ये '-आर' चा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. तो आत घ्यायच्या फाईलनंतर आला तर बाहेर पडणाऱ्या फाईलला लागू होतो आणि *संख्या* बदलतो. दर २५ चौकटींतल्या ७ या हिशेबाने माझ्या आज्ञेने आजोबांच्या १,००१ चौकटी गाळून टाकल्या होत्या! मूळ फाईल शाबूत होती म्हणून निभावले.

बरोबर आज्ञा ही :

एफएफएमपेग -आर १८ -आय दिंडी.एमपी४ नवी.एमपी४

येथे '-आर' आधी आला. याचा अर्थ : या फाईलवर लिहिलेल्या वेळा विसर आणि सेकंदाला १८ चौकटी आहेत असे समजून वाच. आता *वेळ* बदलली. चौकटी त्याच ३,५७५, लांबी ३ मिनिटे १९ सेकंद. दोन शब्दांची अदलाबदल, पण एका बाजूला नासाडी आणि दुसऱ्या बाजूला दुरुस्ती. मराठीत 'रामाने रावणास मारिले' यातले शब्द कसेही फिरवले तरी अर्थ टिकतो, कारण विभक्ती त्याला धरून ठेवते. येथे विभक्ती नाही, स्थानच सर्व काही, हे मी त्या दिवशी शिकले.

ही युक्ती मुक्या चित्राला चालते. फाईलला आवाज असेल तर चित्र लांबेल आणि आवाज मागेच राहील, म्हणून त्याची निराळी सोय करावी लागते.

देवळात मोठ्या दूरचित्रवाणी संचावर दाखवण्याची टूम निघाली तेव्हा तो संच १८ चा वेग घेईना. आता मात्र दुसऱ्या कामाची खरी गरज होती. म्हणून आत घेताना '-आर १८' आणि फाईलच्या नावानंतर '-आर २४' असे दोन्ही लिहिले. २४ यासाठी निवडले की १८ ला २४ शी साधे नाते आहे : दर तीन चौकटींतली एक दोनदा दाखवायची, की तीनाच्या चार होतात. २५ घेतले असते तर पुनरुक्ती वेड्यावाकड्या अंतराने झाली असती. याच न्यायाने १६ च्या मूकपटाला २४ करताना दोनातली एक चौकट दोनदा दाखवली की भागते.

नेहमी लागणारी काही उदाहरणे

मोबाइलचे अस्थिर चित्रण जोडणीला घेण्यापूर्वी स्थिर करून घ्यावे. त्यासाठी 'एफपीएस' नावाची चाळणी आहे; फाईलच्या नावानंतर '-व्हीएफ एफपीएस=२५' लिहिले की ती आवश्यक तेथे चौकट गाळते किंवा पुन्हा घालते. लांबी बदलत नाही, त्यामुळे आवाज जागच्या जागी राहतो.

२४ चा चित्रपट २५ च्या दूरचित्रवाणीवर दाखवताना अनेक वर्षे सरळ तो किंचित भरभर पळवीत असत. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे. डोळ्याला पत्ता लागत नसे, पण स्वर चढे : पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकच्या दिशेने निम्म्याहून अधिक सरके. अशी प्रत परत २४ वर आणायची तर चित्राबरोबर आवाजही ०.९६ पटीने सावकाश करावा लागतो. त्यासाठी दोन साधने आहेत. 'एटेम्पो' आवाजाची लय बदलते पण पट्टी तीच ठेवते. 'एसेटरेट' लय आणि पट्टी दोन्ही बदलते. पट्टी चढलेली असेल तर दुसरे वापरावे, नसेल तर पहिले. कोणते ते ठरवायला संगणक नको, पेटी हवी आणि गाणे जाणणारा कान हवा.

अमेरिकेत २४ चे ३० करताना चार चौकटींच्या पाच होतात. तेथे प्रत्येक चौकट सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्यांत पाठवली जाई. म्हणून एका चौकटीला दोन अर्धे, पुढचीला तीन, अशी वाटणी करीत. तेथून आलेल्या जुन्या प्रतींत संथ हालचाल मध्येच अडखळल्यासारखी दिसते ती यामुळे.

बनवलेल्या चौकटी

शेवटी एक मोह सांगितला पाहिजे. एफएफएमपेगमध्ये 'मिंटरपोलेट' नावाची एक चाळणी आहे. ती दोन चौकटींमधल्या हालचालीचा अंदाज बांधून मधली चौकट नव्याने तयार करते. २०२० साली ल्युमिएर बंधूंच्या आगगाडीच्या चित्राचे सेकंदाला ६० चौकटींचे रूप जगभर पाहिले गेले, ते याच जातीच्या पण अधिक प्रगत तंत्राने केलेले. २०१८ साली पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या चित्रणाचा वेग सुधारला आणि पळणारी बाहुली वाटणारी ती पोरे एकदम माणसे झाली.

मीही प्रयोग केला. दिंडी लोण्यासारखी चालू लागली. पण थांबवून पाहिले तर टाळकऱ्यांचे हात धुरासारखे विरघळले होते आणि आजोबांच्या चेहऱ्यावर क्षणभर कोणा दुसऱ्याचाच चेहरा उमटत होता. ती चौकट १९७८ साली कोणी टिपलेली नव्हती. ती संगणकाची कल्पना होती. चित्रपटात ती खुशाल असावी. पण ज्या घरात माणसाचे एवढेच चित्र उरले आहे तेथे खरे कोणते आणि बनवलेले कोणते हे पुढच्या पिढीला सांगणार कोण? मी ती प्रत पुसून टाकली.

एवढ्या खटाटोपातून मला काही नियम सुचले. मूळ फाईलला हात लावू नये, नेहमी नव्या नावाने प्रत करावी. आधी मोजावे, मग आज्ञा द्यावी. वेळ बदलायची की संख्या, हे कागदावर लिहून मगच सुरुवात करावी. आणि दुकानात रीळ देताना 'चौकटी सेकंदाला किती धरणार?' हा एक प्रश्न विचारावा. आमच्या गावचे रीळ देताना तो कोणीच विचारला नाही, कारण तो विचारायचा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी रिळे आणि कॅसेट आहेत. त्यांच्या फिती दरवर्षी थोड्या थोड्या खराब होत आहेत.

नाताळच्या सुट्टीत मी पुन्हा गावी गेले. आजीला मोबाइल दिला. पताका संथ हलत होत्या, टाळ वर जाऊन सावकाश खाली येत होते आणि आजोबा एकेक पाऊल जपून टाकीत येत होते. या वेळी मुले हसली नाहीत, "ह्ये आपलं आजोबा व्हय?" असे धाकट्याने विचारले. आजी काहीच बोलली नाही. चित्र संपल्यावर मोबाइल माझ्याकडे देत एवढेच म्हणाली, "आता ह्येच. परत लाव, पोरी."

— द्वितीय वर्ष, कला